गोदाक्कांचा पाळणा आणि आमची चौपाटी

गोदाक्कांना कुणाला काही विचारायचे असले, की त्या आधी त्याला पाळण्यात बसवत. चार पेट्यांचा, लाकडी, हाताने ढकलायचा पाळणा. माणूस सगळ्यांत वर पोचला, की त्या खालची पेटी खांद्याने अडवून धरत आणि मान वर करून प्रश्न विचारत. समाधानकारक उत्तर आले म्हणजे पाळणा पुढे सरके.

मी वार्ताहर म्हणून या गावात आलो, त्या वर्षी जत्रेचा फोटो उंचावरून घ्यावा म्हणून पाळण्यात बसलो. पाळणा वर जाऊन थांबला. खालून आवाज आला, "पेपरवाले, तळ्याकाठची घाण दिसली का?"

"दिसली."

"छापणार का?"

"बघतो."

"बघा की. मला लई वेळ हाय."

दोन दिवसांनी बातमी छापून आली.

मुरूमहून आमच्या गावाला एसटीने यायला फार वेळ लागत नाही. समुद्र गाठायला मात्र एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तरी तळ्याच्या उत्तर काठाला सगळे गाव चौपाटी म्हणते. निजामाच्या काळातले ते तळे. पुढे त्याच्या काठी तंबूतले टॉकीज आले, गोटीसोड्याचे दुकान आले, आणि एक फोटोवाला आला. त्याच्या पडद्यावर निळ्या लाटा आणि एक जहाज रंगवलेले होते. गावातल्या कितीतरी घरांत नवरा-नवरीचा समुद्रापुढे उभा राहून काढलेला फोटो आहे आणि त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. चौपाटी हे नाव त्या पडद्यावरून पडले, असे सांगतात. टॉकीज बंद पडले, फोटोवाला गेला, काठावर वेडी बाभूळ माजली. पाळणा तेवढा राहिला. तोही जत्रेपुरता उभा राही. एरवी तो सुटा करून ताडपत्रीखाली ठेवलेला असे.

गोदाक्का तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. ठेंगण्या, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट. पेट्या अडवून अडवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला होता. नवऱ्यामागे पाळणा त्या आणि सून संगीता अशा दोघींनी चालवला. करमणुकीखेरीज पाळण्याचा आणखी एक उपयोग गावाला माहीत होता. भांडण झालेल्या दोघांना एका पेटीत समोरासमोर बसवून वर थांबवायचे. एकदा अणदूरकडचे दोन भाऊ बांधावरून भांडत जत्रेला आले आणि उतरताना एकमेकांचा हात धरून उतरले. एकाला भोवळ आली होती, हेही नोंदवायला हवे. गोदाक्कांचे म्हणणे साधे होते, "खाली असलं की माणसाला पाय फुटत्यात. वर गेलं की पळायचं कुठं? मंग बोलतंय गुमान."

नगरपरिषदेने चौपाटीचे पुनरुज्जीवन काढले, तेव्हा लोकांकडून सूचना मागवल्या. योजनेचा मसुदा सल्लागाराने केला होता. तो मुळात किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शहरासाठी केलेला असावा आणि गावाचे नाव तेवढे बदललेले असावे, कारण सोबतच्या छापील अर्जात पहिलाच प्रश्न होता : भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत येते? गावाने अर्ज मन लावून भरले. "दोन पाऊस चांगले झाले तर मारुतीच्या पायरीपर्यंत." ओहोटी किती काळ टिकते? "फेब्रुवारी ते जून." मच्छीमार बांधवांचे मत काय? "बंडू एकटाच गळ टाकतो. त्याला विचारले. तो म्हणाला, बोलू नका, मासे पळतात." महिला बचत गटाने दीपगृहाची मागणी केली. मी अध्यक्षबाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, "यादीत लिहिलंय. मिळायलंय तर सोडायचं कामून?"

गोदाक्कांना लिहिता येत नव्हते. त्यांचा अर्ज मी लिहून दिला. पाळण्याविषयी मसुद्यात एक ओळ होती, ती त्यांना वाचून दाखवली. पाळणा हा वारसा ठरवून रंगवायचा, त्याचे पाय काँक्रीटमध्ये पक्के करायचे, पेट्या जाम करायच्या आणि लोकांनी त्याच्यापुढे फोटो काढायचे.

"जाम म्हंजी फिरणार न्हाय?"

"नाही."

गोदाक्का म्हणाल्या, "म्या मेल्यावर मला बी असंच करा. रंगवा, सिमिटात उभी करा आन् फोटू काढा." अर्जात त्यांनी एकच वाक्य सांगितले : पाळणा फिरू द्या.

सुनावणी सभागृहात मावेना, म्हणून तळ्याकाठी मांडव घातला. आदल्या दिवशी सासू-सुनेने पाळणा जोडून मांडवाशेजारी उभा केला. परवानगी घेतली का, असे विचारायला आलेल्या कर्मचाऱ्याला गोदाक्कांनी सांगितले, "वाळवायला काढलाय." कर्मचाऱ्याने तसेच लिहून नेले.

मुख्याधिकारी नवे होते, तरुण आणि सभ्य. त्यांनी पहिली सूचना वाचली आणि सभा तिथेच अडकली. निवृत्त मुख्याध्यापक वामनगुरुजी सकाळी फिरायला येणाऱ्यांचे पुढारी. त्यांना सगळा काठ चालण्यासाठी हवा होता. भेळवाले दगडूशेठ यांना सगळा काठ गाड्यांसाठी हवा होता.

"भेळेच्या वासात प्राणायाम होत नाही," गुरुजी म्हणाले.

"आन् तुमच्या प्राणायामानं माझी भेळ खपत न्हाय, गुरुजी. लोक म्हणतेत, ह्यो म्हातारा कामून फुसफुसायलाय?"

मांडव हसला. गुरुजी उठून उभे राहिले, दगडूशेठही उभे राहिले, मग दोघांच्या मागची माणसे उभी राहिली. मुख्याधिकारी "बसून घ्या" म्हणाले. ते तेवढे एकटेच बसलेले होते.

गोदाक्का पुढे आल्या. "साहेब, तुमी जागा पाहिली का?"

"नकाशा पाहिलाय."

"नकाशात बाभळी दिसत्यात का? चला. ह्या दोघांनला बी घ्या."

मुख्याधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिले. कारकून म्हणाला, "स्थळपाहणी म्हणून दाखवता येईल, साहेब." तिघे एका पेटीत बसले. समोरासमोर गुरुजी आणि दगडूशेठ, मध्ये अधिकारी. वजन बरोबर राहावे म्हणून समोरच्या पेटीत बचत गटाच्या चार बायका बसल्या. त्यांना आग्रह करावा लागला नाही. संगीताने ढकलले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत पेटी वर गेली आणि थांबली. बायकांची पेटी खाली, गोदाक्कांच्या खांद्याला टेकून होती.

वरून गुरुजींचा आवाज आला, "दगडू, पलीकडचा काठ मोकळाच आहे की रे."

"व्हय गुरुजी. बाभळी काढल्या तर तुमचं फिरणं तिकडं, माझं गाडं इकडं."

"पेटी हलवू नकोस आधी."

"म्या न्हाय हलवायलो. तुमचं पाय कापायलेत."

मांडवातली सगळी माणसे बाहेर येऊन पाळण्याखाली उभी होती. खालच्या पेटीतल्या बायका मोठमोठ्याने हसत होत्या. गोदाक्कांनी मान वर केली. "साहेब, मिटलं का ह्यांचं?"

"मिटलं, मिटलं!"

"मंग माझं सांगा. पाळणा फिरू देणार का सिमिटात घालणार?"

"आक्का, आधी खाली घ्या. खाली बोलू."

"खाली कसं घिऊ, साहेब? खाली यायचं म्हंजी फिरवावा लागतोय. तुमच्या कागदावर तर फिरवायचा न्हाय."

वरून हसू आले. आधी दगडूशेठांचे, मग गुरुजींचे, आणि मग मुख्याधिकाऱ्यांचे, ते बराच वेळ थांबेना. पेटी हलू लागली, तसे गुरुजी हसता हसता "अरे, अरे" करू लागले. मुख्याधिकाऱ्यांनी दांडी धरून खाली ओरडून सांगितले, "लिहा! पाळण्याची सूचना मान्य!"

"कारण काय लिहू, साहेब?" कारकून खालून ओरडला.

"स्थळपाहणीत आवश्यकता दिसून आली!"

गोदाक्कांनी खांदा काढला.

पुढचे कागद रीतीने झाले. अभियंता आला, त्याने दोन दांड्या आणि खिळे बदलायला लावले, वजनाची मर्यादा पाटीवर लिहिली. त्याच नियमावलीत एक कलम होते : पाळणा ढकलणाऱ्याचे वय साठच्या आत हवे. मी ते वाचून दाखवले तेव्हा आता गोदाक्का काय बोलतील, याचा मला अंदाज नव्हता. त्यांनी विचारले, "संगीताचं चालतंय का?"

"चालतं."

"मंग लिहा तिचं नाव. पाळणा फिरला म्हंजी झालं. म्या काय पाळण्याचं खोड हाय का, माझ्याबिगर उभा ऱ्हायना?"

गोदाक्का पुढे दीड वर्षाने गेल्या. किरकोळ तापाचे निमित्त झाले. त्यांच्याविषयी गावात पुष्कळ गोष्टी सांगतात आणि त्यांतल्या काही मी वाढवलेल्या आहेत, असा माझ्यावर आरोप आहे. पण पाळणा कायमचा सुरू झाला, त्या आठवड्यातले मी पाहिलेले आहे.

पहिल्या दिवशी संगीताने सासूला पेटीत बसवले. तेव्हा कळले, की इतक्या वर्षांत गोदाक्का पाळण्यात कधी बसल्याच नव्हत्या. खालची पेटी अडवायला कुणीतरी लागे आणि ते कुणीतरी म्हणजे त्याच. पाच फेऱ्या झाल्यावर त्या उतरल्या. लोकांनी घेरले. "आक्का, काय दिसलं?"

"काय न्हाय. डोळं मिटलं व्हतं म्या."

"आक्का, तुमी? तुमी भ्यालात?"

"भ्याले की. इतकं उंच असतंय व्हय हे? आधी सांगायचं कुणी तरी." मग त्या दगडूशेठांकडे वळल्या. "हसू नगंस. उद्या उघडते."

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी रांग मारुतीच्या पायरीपर्यंत गेली होती. फेऱ्या संपल्या, पेटी खाली आली, संगीताने आडवी दांडी काढली. गोदाक्का उठेनात. दोन्ही हातांनी पेटी धरून, तोंड तळ्याकडे करून बसलेल्या होत्या.

"आत्याबाई, उतरा. झाल्या पाच फेऱ्या. रांग लागलीय."

"रांगंला म्हणावं थांबा," गोदाक्का म्हणाल्या. "ढकल गं. आत्ता कुठं उघडल्यात."

संगीताने दांडी पुन्हा लावली.