डाव्या कानाचं माप

सराफाच्या दुकानात मला कधी काही मागता आलं नाही. समोर बसलं की तो आधी आपला गळा बघतो, मग कान बघतो, आणि बोलतो मात्र सोबत आलेल्या माणसाशी. माझ्यासोबत थोरल्या जाऊबाई असायच्या. त्या निवडायच्या, मी मान हलवायची.

माझ्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. लेक तान्ही असताना तिने झुमका धरून ओढला. डॉक्टरांनी टाके घातले, जड काही घालू नका म्हणाले. पुढे देगलूरला नात्यात लग्न निघालं. माहेरचे झुमके घातले नसते तर बायकांनी विचारलं असतं, म्हणून घातले. परतीच्या एसटीत पाळी पुन्हा फाटली. पदर दाबून बसले, आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा दवाखाना आणि घरात बोलणं. तेव्हापासून त्या पाळीवर खड्याची टिकली चिकटवते. लांबून कुडी वाटते. वरून पदर असतोच. एकदा घामाने सुटून पिठात पडली, तर मी सगळं पीठ पुन्हा चाळलं.

लेक लातूरला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना मोबाइल माझ्याकडे आला. त्यावर एका बाईची कानातली दिसली. ती चांदीच्या तारेची फुलं हाताने विणते. त्यात करडईचं फूल होतं, बोंडाच्या काट्यांसकट. आमचे मालक, लेकीचे वडील, दुपारी जेवून पुन्हा आपल्या दुकानात गेले की मी ते फूल बघत बसायची. तिथे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. घ्यायचंय की नुसतंच बघायचंय, असं कुणी विचारत नव्हतं. आपल्याला काय हवंय हे कळायलासुद्धा असा निवांतपणा लागत असेल. मला तो पहिल्यांदाच मिळाला.

शेवटी तिला लिहिलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, एकेक अक्षर शोधावं लागलं. एक पाळी फाटलीय, बसेल का, घरी माहीत नाही. तिच्या आवाजातला निरोप आला. "ताई, दोन्ही कानांचे फोटो पाठवा. मी सोडून कुणी बघणार नाही."

तिथे मी बरेच दिवस अडले. मग एका दुपारी कडी लावून फोटो काढायला बसले. कधी नुसते केस यायचे, कधी भिंत. टिकली काढलेला कान असा जवळून मी तेव्हाच पाहिला. कुणा म्हाताऱ्या बाईचा वाटला. पाठवला आणि मोबाइल पालथा ठेवला. पैसे लेकीने भरले. तिला एवढंच सांगितलं, कानातलं आवडलंय.

पार्सल आलं ते दुकानात, मालकांच्या हातात. त्यांनी ते घरी आणून जाऊबाईंसमोरच उघडलं. उजव्या फुलाला नेहमीची फिरकी होती. डावं फूल लहान, हलकं, आणि त्याला कानावरून अडकवायची लांब तार.

"एक एकीचं, एक दुसरीचं," जाऊबाई म्हणाल्या. "उरलंसुरलं जोडून दिलं बघा भाऊजी तिनं."

"लई दिवसांचं सांगून राहिलो, मोबाइलवरचं काय घिऊ नको म्हणून." मालकांनी डब्यावरचा नंबर लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन पुढे धरला. "बाई, जोड असा असतो का? तुमच्याकडं माणसाला दोन तऱ्हेचे कान असतात का?"

ती म्हणाली, "दादा, एकदा ताईंना विचारा."

"तिला काय इचारू? ती तोंडातून शब्द काढत न्हाई. म्हणून तर फशिवलं तिला."

"मग परत पाठवा. पैसे देते," ती म्हणाली. माझ्या कानाबद्दल एक शब्द नाही.

घरी माहीत नाही असं मीच लिहिलं होतं, म्हणून ती ऐकून घेत होती. मी गप्प राहिले असते तर फूल परत गेलं असतं, आणि आमच्या घरात ती बाई कायमची लबाड ठरली असती.

मी पदर मागे घेतला. टिकली काढली.

"तिनं मापानंच केलंय," मी म्हणाले. "कान दोन तऱ्हेचेच हाईत."

जाऊबाई जवळ आल्या. पाळी दोन बोटांत धरून बघितली. "अगं बया. अन् माझ्या टिकल्या कुठं जातात म्हणून मी पोरींना बोलून राहिले."

मालक हसले नाहीत. माझ्या कानाकडे बघत राहिले, मग फोनकडे. तो चालूच होता. "बाई..." म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

अनोळखी माणसाशी मी फोनवर कधी बोलले नव्हते.

"ताई, तार टोचते का?" तिने विचारलं.

"अजून घातलं न्हाई. थांबा, घालते."

फोन जाऊबाईंनी धरला. तार कानावरून गेली, फूल पाळीपाशी आलं. पाळीला भार कळलाच नाही.

"टोचत न्हाई," मी म्हणाले. "जरा खाली येतंय."

"मग वरचा वाक हलक्या हातानं दाबा."

मी दाबला.