रस्त्यापलीकडचा बोर्ड

वलगाव रोडवर गिला वड्याची गाडी लावणाऱ्या बेबीताई भुयार यांना कुणी सल्ला दिलेला खपत नाही. आपलं नाव लांबून झळकलं पाहिजे, हे त्यांनीच ठरवलं आणि अमरावतीच्या बोर्डवाल्या जीवनकडून पांढऱ्याशुभ्र दिव्यांचा बोर्ड करून घेतला: ‘बेबीताईचा गिला वडा’.

जीवन तो गाडीच्या छतावर बसवायला निघाला, तर ताईंनी रस्त्यापलीकडे दिराच्या घराची भिंत दाखवली.

“अवो ताई, वडे इकडे अन् बोर्ड तिकडे काहून?”

“कढई उघडी रायते माही. तिच्यावर एवढा उजेड टांगू काय? तिकडेच लाव.”

ताई शेतकऱ्याची लेक. कपाशीवरची बोंडअळीची पाखरं मारायला त्यांचे वडील शेताच्या धुऱ्यावर दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवत, आणि सकाळी ते पाखरांनी भरलेलं असे.

“मंग गाडीकडे बाण तरी काढून देतो,” जीवन म्हणाला.

“बाण कायले पाह्यजे? मले तोंड हाय.”

पावसाळा लागला तसे शेजारचे गाडीवाले किड्यांपायी दिवे मालवून अंधारात भजी तळू लागले. ताईंच्या गाडीवर एक मंद पिवळा दिवा, आणि समोरच्या भिंतीवर त्यांचं नाव लखलखत असतं, पाखरांच्या गराड्यात.

नवखं गिऱ्हाईक अजूनही आधी बोर्डाखालीच जाऊन उभं राहतं. मग ताई झारा उंच करून इकडून हाक देतात.

“या इकडे. तिकडे किडे जेवून रायले. मानसायची पंगत इथं हाय.”