उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्या

नव्वदीच्या सुरुवातीला गिरगाव सोडून आम्ही भाईंदरला राहायला आलो. इथल्या लोकांना शिस्त म्हणून ठाऊक नाही, असं माझं ठाम मत होतं. स्टेशनच्या पश्चिमेला एक जुना दगडी धर्मार्थ दवाखाना होता, मिठागराच्या कुणा मालकानं गोरगरिबांसाठी बांधलेला. तिथे औषधाची बाटली घरून न्यायची, पायरीवर रांगेत ठेवायची आणि आपण सावलीत बसायचं. बाटलीचा नंबर तोच आपला. डॉक्टर त्या क्रमानं तपासत आणि चिठ्ठ्या आत पाठवत. मग कंपाउंडर त्याच क्रमानं बाटल्या उचलून भरत. नाव फक्त चिठ्ठीवर असे, बाटलीवर कुणी लिहीत नसे.

त्या सकाळी नगरपालिकेची माणसं इमारतीवर ‘ऐतिहासिक वास्तू’ अशी पाटी लावायला आली. सोबत फोटोग्राफर होता. माझी चार वर्षांची मुलगी खोकल्यानं बेजार होती. तपासणी उरकून सगळ्यांच्या चिठ्ठ्या आत गेल्या होत्या आणि लोक पाटी बघायला उठले होते. पायरीवरच्या त्या कळकट, वेड्यावाकड्या बाटल्या काही मला बघवेनात. मी त्या पदरानं पुसल्या आणि उंचीप्रमाणे ओळीत लावल्या.

“एकदम बढिया, भाभी,” फोटोग्राफर म्हणाला. मी फुगले.

घरी येऊन मुलीला डोस पाजला. नेहमीचं औषध लाल असायचं, हे पाण्यासारखं होतं. बदलून दिलं असेल, असं म्हणून सोडून दिलं. बाटली तर माझीच होती, तोंडाशी टवका उडालेली.

दुपारी तिला जेवायला उठवायला गेले तर ती उठेना. डोळे किलकिले करायची आणि परत मान टाकायची. तेव्हा ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. बाटली माझी, पण जागा दुसऱ्याची.

तिला खांद्यावर टाकून मी धावत सुटले. वाटेत मनात आलं, गप्प राहिले तर सगळे कंपाउंडरलाच धारेवर धरतील. हे लिहितानाही लाज वाटते. पण पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय लेकरू वाचणार कसं? पायरीवर पोचताच मी बोलून टाकलं, “बाटल्या मी हलवल्या. उंचीप्रमाणे लावताना माझी दुसऱ्या नंबरवर आली.”

कंपाउंडरनी दुसऱ्या नंबरची चिठ्ठी काढली. ते जवळच्या मुर्धा गावातल्या एका म्हाताऱ्याचं झोपेचं औषध होतं. डॉक्टर म्हणाले, एकच डोस गेलाय, निभावेल, पण संध्याकाळपर्यंत झोपू द्यायचं नाही. बाकीच्या बाटल्या गोळा करायला कंपाउंडर सायकलवरून निघाले. मी मुलीला व्हरांड्यात चालवत राहिले. ती रडली की मला बरं वाटायचं, गप्प झाली की जीव उडायचा.

ऊन उतरल्यावर म्हाताऱ्याची सून आपणहून आली, बाटली घेऊन.

“सासऱ्यांना पाजला न्हाय,” ती म्हणाली. “रंग लाल दिसला. आपला न्हाय हा.”

तिनं रंग बघितला होता. रंग मीही बघितला होता, आणि तरी पाजलं होतं.

पाटीच्या दिवसाचा फोटो दवाखान्यात अजून टांगलेला आहे. मुलगी मोठी झाल्यावर एकदा सोबत आली होती. बाटल्या किती छान लावल्यात, म्हणाली. मी आधी ओळीतली दुसरी, आमची बाटली बघितली, आणि मग तिचा हात धरला.