जांभळी चौकडी की साधी आकाशी

कल्लप्पा हत्तुरे यांच्या दुकानात सोलापुरातल्या एकाही शाळेला नाव नाही. संस्थाचालकांनी हौसेने ठेवलेली नावं, त्यांतले संत, समाजसुधारक आणि अलीकडे आलेले 'ग्लोबल', सगळी मंगळवार पेठेतल्या त्या बोळाच्या तोंडाशीच गळून पडतात. आत येतं ते फक्त कापड. होटगी रोडकडची पिवळ्या बसगाड्यांची शाळा म्हणजे जांभळी चौकडी. गावातली साठ वर्षांची जुनी शाळा म्हणजे आकाशी. जुळे सोलापुरात आणखी एक आहे, ती बिस्किटी. कल्लप्पा तेवीस वर्षं गणवेश शिवतात, आणि फाटले की दुरुस्तही करतात.

मुलाला कुठं घालायचं हे विचारायला लोक मुख्याध्यापकांकडे जात नाहीत. मुख्याध्यापक आपलीच शाळा सांगणार. लोक कल्लप्पांना विचारतात. मुलाच्या छातीभोवती टेप असतो, बाप शेजारच्या स्टुलावर असतो, आणि प्रश्न आपसूक निघतो.

"आमाला शिक्षणातलं काय कळतंय," असं म्हणून कल्लप्पा सुरुवात करत आणि मग पाऊण तास शिक्षणावर बोलत. त्यांची पद्धत शास्त्रीय होती. आकाशीच्या पँटी गुडघ्यावर फाटून येतात, म्हणजे मैदान आहे आणि त्यावर खडी आहे. शर्टाची तिसरी-चौथी बटणं उपटून येतात, म्हणजे मारामाऱ्या होतात, पण समोरासमोर. बिस्किटीच्या पँटी बसायच्या जागी विरतात, म्हणजे अभ्यास फार, नाहीतर बाकं खडबडीत. यातलं नक्की कुठलं, ते कल्लप्पांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. आणि जांभळी? जांभळी चौकडीचा एकही कपडा, शाळा निघाल्यापासूनच्या अकरा वर्षांत, दुरुस्तीला आला नव्हता. ना गुडघा, ना बटण, ना उसवलेली बगल.

"तितं पोरं पडतच न्हाईत," कल्लप्पा हळू आवाजात सांगत. "शिस्त."

या एका शब्दावर किमान चाळीस पालकांनी कर्ज काढून किंवा न काढता होटगी रोड गाठला होता.

यंदा प्रश्न घरात आला. श्रीदेवी, त्यांची एकुलती एक, महापालिकेच्या शाळेतून चौथी पास झाली. पाचवीसाठी तिने जांभळीची आणि आकाशीची, दोन्हीकडची परीक्षा दिली आणि दोन्हीकडे तिचं नाव लागलं. हे असं होईल याची तयारी कुणीच केली नव्हती. एकीकडे नापास झाली असती तर घर सुखात राहिलं असतं. दोन्ही शाळांनी प्रवेश पक्का करायला शनिवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर जागा दुसऱ्याला.

"त्यात विचार कसला री?" महादेवी म्हणाली. ती नवऱ्याला माहेरच्या कानडी वळणाने 'री' म्हणून हाक मारायची. "गावाला सांगताय जांभळी, जांभळी. मग घाला की आपल्या लेकीला."

कल्लप्पांनी मान हलवली. कसली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गेले आठ दिवस एक विचित्र शंका त्यांना छळत होती. दुसऱ्याचं पोर पडत नाही म्हटलं की ती शिस्त वाटते. आपलं पोर सहा वर्षं एकदाही पडणार नाही म्हटलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग ते करणार काय दिवसभर?

गुरुवारी दुपारी सारजाबाई आल्या. त्या जांभळीच्या शाळेत मावशी होत्या. वर्ग झाडणं, लहान मुलांना बसपर्यंत सोडणं ही त्यांची कामं. दुकानात मात्र त्या पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी खांद्यावरचं बोचकं काउंटरवर टाकलं.

"ह्याच्या पिशव्या करून द्या. बाजाराच्या. धा-बारा तरी निगतील बगा."

कल्लप्पांनी गाठ सोडली. आत जांभळी चौकडी होती. पँटी, शर्ट, फ्रॉक. गुडघे फाटलेले, बगला उसवलेल्या, एका शर्टाची तर कॉलरच अर्धी लोंबत होती.

"हे कुटलं?"

"कुटलं म्हंजे? आमच्या साळंचं."

"साळंतल्या पोरांचं?"

"मग काय मास्तरांचं?" सारजाबाई हसल्या. "कारटी लई वांड. परवा एक जिन्याच्या कठड्यावनं घसरलं, बूड फाटलं त्याचं. पँटीचं, त्याचं न्हाई."

"पण मग दुरुस्तीला का येत न्हाईत माज्याकडं?"

सारजाबाईंनी त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. "अवो, त्येंच्या घरात फाटल्यालं शिवत्यात व्हय? नवं घेत्यात. जुनं आमाला देत्यात. आमी फरशी पुसतो, न्हाईतर पिशव्या करतो."

त्या निघून गेल्या. कल्लप्पा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. अकरा वर्षं ज्या शाळेत पोरं पडत नव्हती, ती पोरं अकरा वर्षं रोज पडत होती, फक्त त्यांचे फाटके कपडे दुसऱ्या दाराने बाहेर जात होते. चाळीस पालक त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. काहींनी घर बदललं होतं.

पण माणूस पद्धतशीर. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि फरशीवर दोन ढीग मांडले, एक सारजाबाईंचा, एक दुरुस्तीला आलेल्या आकाशीचा. नीट तुलना करू, काहीतरी फरक सापडेलच. गुडघे मोजले. दोन्हीकडे उजवा जास्त. बटणं पाहिली. दोन्हीकडे तिसरं आणि चौथं. खिसे उलटे केले. जांभळीतून एक च्युइंगम आणि चघळलेलं पेन्सिलीचं टोक निघालं, आकाशीतून दोन चिंचोके आणि चघळलेलं पेन्सिलीचं टोक. एवढाच काय तो दर्जातला फरक. चिंचोके बरे की च्युइंगम, हे कुणाला विचारायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

महादेवी जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली.

"हे काय मांडलंय री? पंचनामा?"

"जांभळीची पोरंबी पडत्यात," कल्लप्पा म्हणाले.

"मग? पोरं हायत ती. पडणार न्हाईत तर काय करतील?"

"अगं, पण मी लोकांना सांगितलंय की..."

"तुमाला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

श्रीदेवी आईच्या मागून आत आली, ढिगातला एक जांभळा फ्रॉक उचलून तिने अंगाला लावून पाहिला, दोन्ही बाजूंना चाचपला, आत हात घातला, उलटा केला.

"अप्पा, याला खिसा कुठंय?"

"मुलींच्याला न्हाई. शाळेचं डिझाईनच तसं हाय."

"आणि आकाशीला?"

"दोन हायत."

"मग जांभळी नको."

"अगं, खिशावरनं कुणी शाळा ठरवतंय का?" महादेवी म्हणाली.

"अप्पा गुडघ्यावरनं ठरवतात की," श्रीदेवी म्हणाली.

शुक्रवारभर कल्लप्पांनी उलटा विचार करून पाहिला. जांभळीत इंग्रजी चांगलं. आकाशीचे शिक्षक जुने. जांभळीत पोहायचा तलाव. आकाशीतून निघालेला एक जण कलेक्टर झाला, पण तो मुळातच हुशार होता म्हणतात. प्रत्येक मुद्दा दोन्ही बाजूंनी घालता येत होता. खिसा तेवढा एकाच बाजूने होता.

शनिवारी साडेअकराला ते आकाशीच्या ऑफिसबाहेर रांगेत उभे होते. आपण इथे नक्की कसे आलो, हे त्यांना सांगता आलं नसतं. पाठीवर थाप पडली.

"काय कल्लप्पा! आमाला होटगी रोडला धाडलं आन तुमी हितं?"

उदयसिंह. नातेपुत्याचा माणूस, इथे खतांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या मापाला आला होता आणि 'शिस्त' ऐकून गेला होता. आता धाकट्या पायलसाठी दोन्ही शाळांचे फॉर्म हातात होते.

"तिकडं कसं काय चाललंय?" कल्लप्पांनी जपून विचारलं.

"चांगलं हाय की. तुमी म्हणला तसंच. लई शिस्त. पोरगं कदी पडत न्हाई."

"पडतंय," कल्लप्पा म्हणाले.

"आं?"

"पडतंय. पँटी फाटत्यात. तुमच्या मंडळी नवी घेत असतील. मी जे सांगितलं ते चूक होतं. मला म्हाइत नव्हतं."

तेवीस वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं. कल्लप्पा बोलणी खायची तयारी करून उभे होते.

"मग लेकीला हितं का घालताय?" उदयसिंहने आवाज उतरवून विचारलं.

"फ्रॉकला खिसा हाय म्हणून."

उदयसिंहने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हसला. "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या की, कल्लप्पा."

"खरंच सांगतोय. पायलला जांभळी बरी का आकाशी, मला इच्चारू नका. मला कायबी कळत न्हाई."

"कळलं," उदयसिंह म्हणाला.

खिडकीतून नाव पुकारलं गेलं. कल्लप्पांनी सही केली, पावती घडी करून घेतली आणि बारा वाजायला दहा मिनिटं असताना बाहेर आले. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. उदयसिंह मागच्या दोघा बापांच्या कानात काहीतरी सांगत होता, कल्लप्पांकडे बोट करून; कल्लप्पांनी स्वतःची लेक इथं घातली, हेच असणार. ते दोघेही आकाशीचा फॉर्म काढायला खिशात हात घालत होते. कल्लप्पा परत जाऊन त्यांना थांबवणार होते. दोन पायऱ्या वर चढलेही. पण थांबवून कुठे पाठवायचं, हे त्यांना सांगता येईना, तेव्हा ते तसेच खाली उतरले आणि घरी लेकीचं माप घ्यायला गेले.