दोन ट्रॉल्यांचा कॉन्ट्रॅक्टर

मंडळी, बारामतीच्या सायबर कॅफेतून घाईघाईत लिहितोय, पण आजचं आजच सांगायला हवं.

दुपारी काटेवाडीचे तात्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घेऊन माझ्या इंग्रजीच्या क्लासवर आले. मागे त्यांची दहावीतली वैशाली, मान खाली घालून.

"सर, हिचं नाव काढा. शब्द पाठ करून करून पोरगी रडती. विंग्रजी आमच्या घरात जमायचं न्हाय."

"तात्या, आलात कशावर?"

"ट्रॅक्टरवर."

"मग हा शब्द तुम्हाला कुणी पाठ करायला लावला?"

मी फळ्याकडे वळलो. ट्रॅक्ट म्हणजे ओढणं, मूळ लॅटिन. एक्स म्हणजे बाहेर. उसातून रस बाहेर ओढला की एक्स्ट्रॅक्ट. कॉन म्हणजे एकत्र.

"वैशाली, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणजे?"

तिने डोळे पुसले. "दोन ट्रॉल्या एकत्र ओढणारा ट्रॅक्टर!"

मला हसू फुटणार, तेवढ्यात तात्याच गरजले, "बराबर हाय की! आपलाच हाय त्यो! ऱ्हाऊ द्या नाव."

शब्द फोडायला शिकवा हो, पोरं इंग्रजीला घाबरत नाहीत.

तिची चूक तिथंच सांगायला हवी होती का? मी उद्या सांगणार आहे. कारण उद्या ती येणार आहे.