पुढच्या काचेतला रस्ता

आमच्या ह्यांना डेपोत सगळे भागूबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि हे हसून घेत, कारण भांडण करण्याचीही त्यांना भीतीच वाटे. एकतीस वर्षं सात नंबरची बस चालवली, पण कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. लोक म्हणत, काय हात आहे! हात कसला, भीती ती. रस्त्यात चेंडू दिसला की हे आधी ब्रेक दाबत आणि मग मूल कुठे आहे ते शोधत. घरीही तीच तऱ्हा. गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप ओढून बघायचं, जिना उतरून पुन्हा वर यायचं आणि परत ओढायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो आमच्याकडे रोज जेवायलाच असे.

अशा माणसाच्या घरात परदेशातली सोळा वर्षांची मुलगी वर्षभर ठेवून घ्यायची, हा उद्योग माझा. मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी मोजून मोजून निवृत्त झाले होते, मुलगा नोकरीसाठी दूर गेला होता, आणि त्याची खोली मला खायला उठत होती. दोन देशांतल्या शाळांमध्ये मुलांची अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेला घरं हवी होती. मी अर्ज भरला. ह्यांचा चष्मा सापडेपर्यंत मी त्यांची सही घेऊनसुद्धा टाकली.

"अगं, परक्याचं लेकरू आहे," हे म्हणाले. "काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवायचं?"

"काय होणार आहे?"

तर त्यांनी मला काय काय होऊ शकतं ते सांगायला सुरुवात केली. मी भांडी घासून आले तरी त्यांचं चालूच होतं.

शाळा सुरू व्हायला तीन आठवडे असताना मुलगी आली. उंच, लांबसडक हातांची, कमी बोलणारी. आपली भाषा ती तिकडे दोन वर्षं शिकली होती आणि एकेक वाक्य जपून खाली ठेवल्यासारखं बोलायची. मी तिला पाहुणी म्हणायला लागले. चौथ्या दिवशी ती स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला लागली, तरी नाव तेच राहिलं. ह्यांना ती काका म्हणे. आणि काका म्हटलं की हे असे वळत की जणू आयुष्यभर कुणी हाकच मारली नव्हती. आठवड्याभरात ते तिच्यासाठी सफरचंदाच्या फोडी करून ठेवू लागले. माझ्यासाठी कधी केल्या नाहीत हो.

संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. खोली पाहिली, खिडकीची कडी वर-खाली करून पाहिली, आणि निघताना म्हणाल्या, "अट एकच. शाळेत जाणं-येणं मुलीनं एकटीनं करायचं, पहिल्या दिवसापासून. शुक्रवारी एकदा एकटीनं जाऊन येऊ दे आणि मला कळवा. जमत नसेल तर शाळेला लागूनच एक घर आहे, तिला तिथे हलवू. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

बाई जिना उतरेपर्यंत ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकटी पाठवायची भीती, आणि नाही पाठवली तर ती जाणार, ही त्याहून मोठी भीती.

मग आमच्या घरात शाळेची तयारी सुरू झाली. माझ्याकडची कामं सरळ होती. गणवेशाचा स्कर्ट तिच्या उंचीला आखूड पडत होता, त्याची दुमड उसवून खाली घेतली. वह्यांना कव्हरं घातली, डॉक्टरचा दाखला आणला, नवे बूट घरातल्या घरात घालायला लावून सैल केले. बसचा पास काढला. रस्त्याचं खातं ह्यांच्याकडे. आणि रस्ता म्हणजे सात नंबर! ह्यांनी एक वही घेतली आणि पट्टीनं रेघा मारून सगळा मार्ग काढला. खाली सूचना लिहिल्या. 'समोर पुलाची कमान दिसली की पिशवी खांद्याला लावायची. पेट्रोल पंपाचं लाल छत वर आलं की सावध व्हायचं. टेकडीवरच्या पाण्याच्या दोन टाक्या एकामागे एक येऊन एकच दिसल्या की उठायचं, घंटी दाबायची. पुढचा थांबा शाळा.'

अकरा दिवस ते रोज तिला घेऊन गेले. सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होईल म्हणून अकराची रिकामी बस धरत. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक. ड्रायव्हर ओळखीचे, ह्यांच्याच हाताखाली शिकलेले, ते आरशातून हसत. पोरीला सगळं तोंडपाठ झालं. मी पोळीला तेल लावताना ती माझ्यापुढे उभी राहून म्हणून दाखवायची, "दोन टाक्या एक दिसल्या की उठायचं." मला वाटलं, चला, बरं झालं. माझंही तेव्हा डोकं चाललं नाही, हे कबूल करायला हवं.

शुक्रवार उजाडला. आठ-दहाची बस, पावणेनऊला शाळा, फाटकाला हात लावायचा, पलीकडून नऊ-वीसची बस, दहाच्या आत घरी. शाळेत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून सरावालाही फोन न्यायचा नाही, हा ह्यांचा नियम. "सराव अगदी खऱ्यासारखा हवा," म्हणाले. आता बघा, सगळ्या जगाला भिणारा माणूस, आणि नेमका फोन घरी ठेवून घेतला.

दहा वाजले. हे खिडकीत. सव्वादहा वाजले. "बस उशिरा असेल," मी म्हटलं. साडेदहाला हे चपला घालून खाली गेले. अकरापर्यंत मी कपाट आवरायच्या नावाखाली तीच कव्हरं काढून पुन्हा घालत बसले. मग मीही उतरले.

थांब्यावर हे दिसले. येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये चढत होते, मधल्या वाटेनं शेवटपर्यंत जात होते, बाकांखाली वाकून बघत होते आणि उतरत होते. एका ड्रायव्हरनं थट्टा केली, "काय भागूबाई, काय हरवलं?" ह्यांनी त्याच्याकडे बघितलं मात्र, त्याचं हसू जागीच विरलं.

"तिला कुणी नेलं असेल," हे मला म्हणाले. "नाहीतर रस्ता ओलांडताना... इस्पितळात फोन कर. तुझी ओळख आहे तिथे."

"मन चिंती ते वैरी न चिंती! गप्प बसा जरा," मी ओरडले. ओरडले, आणि बाजूला जाऊन इस्पितळात फोन केला. तातडीच्या विभागात माझ्या ओळखीची नर्स होती. उंच, परदेशी, सोळा वर्षांची, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नाही, अशी कुणी नाही. जिवात जीव आला असं म्हणतात, पण नाही आला. इस्पितळात नाही, तर मग कुठे?

सव्वाअकराला ह्यांनी संस्थेच्या बाईंना कळवलं. मी नको म्हणत होते. बाई गाडीनं आल्या, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "बारापर्यंत थांबू. मग मला तिच्या आईवडिलांना सांगावंच लागेल." हे थांब्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

ह्यांच्या काखेत ती वही होती. नुसतं उभं राहवेना, म्हणून मी ती ओढून घेतली आणि वाचू लागले. वीस वर्षं मी याच बसनं कामाला गेले, इस्पितळ शाळेच्या पुढे. वाचता वाचता माझं बोट थांबलं.

"अहो, ह्या दोन टाक्या एक कधी होतात?"

"वळणाच्या आधी. समोर. रोज दिसतात."

"मला वीस वर्षांत दिसल्या नाहीत."

"असं कसं होईल? समोरच तर..." हे बोलता बोलता थांबले.

"तुम्ही कधी बसमध्ये मागे बसलात?" मी विचारलं. "सकाळी आठ-दहाच्या गाडीत मधे उभं राहिलात? तिथून समोर फक्त लोकांच्या पाठी दिसतात. कमान नाही, लाल छत नाही, टाक्या नाहीत. जे दिसतं ते बाजूच्या खिडकीतून, तेही कुणाच्या तरी काखेतून!"

ह्यांनी वही परत घेतली आणि नुसती धरून ठेवली. एकतीस वर्षांत हा माणूस त्या रस्त्यावर एकदाही प्रवासी म्हणून गेला नव्हता, आणि ह्या अकरा दिवसांतही बसला तो ड्रायव्हरच्याच पाठीशी. पोरीला त्यांनी रस्ता शिकवला होता तो ड्रायव्हरला दिसणारा. मी आणखी चार शब्द सुनावणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गिळले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना बाई म्हणाल्या, "ती बघा."

बसमधून नव्हे, पायी येत होती. बसच्याच रस्त्यानं, कडेकडेनं, पिशवी दोन्ही खांद्यांना, चेहरा उन्हानं लाल. आणि चक्क गुणगुणत होती. मग तिनं आम्हांला पाहिलं. आम्ही तिघं, त्यात संस्थेच्या बाई, आणि मधे ह्यांचा तो चेहरा. ती थबकली. गुणगुणणं थांबलं. पिशवी खांद्यावरून घसरली ती तिनं सावरलीसुद्धा नाही.

"माझी आई?" ती म्हणाली. "काका, माझ्या आईला काय झालं?"

कुणालाच काही कळेना. ती पुढे आली, ह्यांच्या शर्टाची बाही धरली आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायला लागली. बाई घाईनं म्हणाल्या, "नाही गं, आई ठीक आहे, सगळे ठीक आहेत, तुझीच वाट बघत होतो." तिला पटेना. ह्यांच्या तोंडाकडेच बघत राहिली. शेवटी बाईंनी तिथेच तिच्या आईला फोन लावून दिला, आईचा आवाज ऐकला तेव्हा कुठे ती फूटपाथवर बसली आणि रडली.

झालं होतं एवढंच. गर्दीत टाक्या दिसल्या नाहीत म्हणून ती तीन थांबे पुढे गेली. बाजारात उतरली. एका भाजीवालीला विचारलं. चालत मागे येऊन शाळा गाठली, फाटकाला हात लावला, पहारेकऱ्यानं पाणी दिलं. वहीतल्या खुणा फक्त जातानाच्या; परतीच्या बसमधून टाक्या मागे राहणार, तेव्हा उतरायचं कुठे ते कसं कळणार, म्हणून सरळ चालत आली. वाटेत ती घाबरली नव्हती. घाबरली ती ह्यांचं तोंड बघून.

बाईंनी ह्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. "काका, ती एकटी गेली आणि एकटी आली," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदावर तेवढंच येईल. पण तुम्ही रोज असा चेहरा घेऊन दारात उभे राहणार असाल, तर मला तिला हलवावं लागेल. सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिला फोन करून विचारेन. तुमच्याबद्दल विचारेन."

शनिवारी आम्ही तिघं आठ-दहाच्या बसनं निघालो. हे मधल्या वाटेत उभे, दांड्याला लोंबकळत, कुणाचा तरी डबा बरगडीत. पाहुणी बाजूच्या खिडकीतून बघून आपल्या खुणा आपणच लिहीत होती. दातांच्या डॉक्टरची पाटी, निळं शटर, गॅलरीत वाळत घातलेली गादी. गादी रोज नसते, एवढं मी सांगितलं. प्रत्येक ब्रेकला ह्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता.

रविवार त्यांनी आरशापुढे काढला. खरंच सांगते. हसून बघत, मग तोंड पुसत, मग पुन्हा हसून बघत. ते हसू भीतीपेक्षा भयंकर होतं.

सोमवारी, शाळेच्या पहिल्या दिवशी, पावणेआठला ती दारात. गणवेश, कव्हरं घातलेल्या वह्या, डबा. हे आरशातलं हसू लावून उभे राहिले. पाहुणीनं बूट घातले, नाडी बांधली, उभी राहिली आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं.

"काका, भीती वाटते?"

"छे!" हे म्हणाले. "भीती कसली?"

"मला वाटते," ती म्हणाली. "शुक्रवारी नव्हती. आज आहे."

ह्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस म्हणणार की मी येतो सोडायला, आणि पोरगी गेली आपल्या हातची. मग म्हणाले, "मी खोटं बोललो. मलाही वाटते. गाडीवर बसताना रोज वाटायची. एकतीस वर्षं, एक दिवस चुकला नाही."

"मग?"

"मग काय? आठ-दहाची गाडी आठ-दहालाच सुटायची."

तिनं मान डोलावली. दोनदा. "मी जाते," म्हणाली, आणि जिना उतरली. फाटकाशी तिच्या बुटांचा आवाज वळला आणि रस्त्याला लागला. हे खिडकीकडे गेले नाहीत. दार लावलं, कुलूप ओढून बघितलं नाही, आणि माझा हात धरला. इतका घट्ट की बोटं दुखायला लागली. मी सोडवून घेतला नाही. तीन आठवडे मी ह्यांना भागूबाई म्हणून चिडवत होते, पण तेव्हा माझाही हात गार पडला होता.