बिबट्याच्या पाठीवरचं आसन

जानू होड्या बांधणारा सुतार. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याच्या हाताला काम काय, तर मोडक्या खाटा आणि दारांच्या कड्या. म्हणून पाम गावच्या शैलेशभाऊंनी नव्या बंगल्यावर बोलावलं, तेव्हा तो धुतलेला सदरा घालून गेला.

शैलेशभाऊ पाच वर्षं आफ्रिकेत, कॅमेरूनला नोकरीत होते. तिथल्या बामिलेके लोकांच्या मुलखातून त्यांनी एक कोरीव आसन आणलं होतं. एका ओंडक्यातून काढलेला बिबट्या आणि त्याच्या पाठीवर गोल बैठक. घरी पोचेपर्यंत ते मधोमध चिरलं होतं.

"तिकडे माणूस केवढा, ते त्याच्या आसनावरनं कळतं," शैलेशभाऊ म्हणाले. "बिबट्यावर बसायचा मान राजाचा. जानूकाका, हुबेहूब दुसरं करा. वास्तुशांतीला तुमाला पुढे बसवीन, चार लोकांत तुमचं नाव सांगीन."

मजुरीपेक्षा जानू त्या शेवटच्या बोलण्यावर भाळला. उभा जन्म गावाच्या बैठकीत तो दाराशी उकिडवा बसत आला होता. घरी येऊन त्याने बायकोला, हिराला सांगितलं आणि हिराने सगळ्या आळीला.

दीड महिना तो फणसाच्या ओंडक्याशी झटला. बिबट्याचे डोळे काही केल्या जमेनात, तेव्हा घरच्या मांजरीला बोंबील दाखवून त्याने तिचेच डोळे लाकडात उतरवले. शेवटी बुडाखाली माशाची बारीकशी शेपटी कोरली. बापासारखा तोही प्रत्येक होडीत आतून ती खूण कोरत आला होता. हात सवयीने चालला, दुसरं काही नाही.

शैलेशभाऊंनी आसन उलटं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? काढा हे."

"खाली हाय भाऊ. कोण बघतंय?"

"लोक उचलून बघतात. मी हे तिकडचंच म्हणून ठेवणार हाय."

मग नाव सांगायचं काय झालं, हे विचारायला जानूची जीभ उचलली नाही. भित्रा माणूस, खोटं कशाला बोला! त्याने पटाशी लावली, शेपटीची ढलपी काढून खिशात टाकली आणि उघड्या पडलेल्या लाकडावर काजळी फासली.

वास्तुशांतीला शैलेशभाऊ त्या आसनावर ऐटीत बसले. एक पाहुणा वाकून बघत म्हणाला, "डोळे बघा हो! आपल्याकडच्या सुतारांना सात जन्मांत जमायचं नाय."

"राजाने स्वतःच्या हाताने दिलंय," शैलेशभाऊ म्हणाले आणि मागे उभ्या असलेल्या जानूकडे वळले. "काका, चार खुर्च्या आणा बघू."

जानूने आणल्या. चारही लगेच भरल्या.

घरी हिरा आणि शेजारची कमळी अंगणातल्या चुलीपाशी वाट बघत होत्या. हिराने तो दिसताच विचारलं, "कुठं बसवलं तुमाला?"

"पुढे," जानू म्हणाला. "भाऊंच्या बाजूलाच."

हिराने कमळीकडे मान ताठ करून पाहिलं. जानू चुलीशी वाकला आणि खिशातली ढलपी त्याने जाळात सारली.